वाघाचं कूळ

बाबांच्या तोंडून 'माझं' हा शब्द सुटा कधी ऐकला नाही. आलाच तर 'नाय'ला सोबत घेऊन यायचा. चप्पल कोणाची विचारलं तर म्हणत, "पायात मी घालतो." घर कोणाचं विचारलं तर म्हणत, "आता मी राहतो. पाल पण राहते. उंदीर तर आमच्या आधीपासून." यावर चुलीपाशी बसलेली त्यांची म्हातारी हमखास म्हणे, "भाऊसाहेब, त्याला बायको कोणाची ते इचारा." बाबा जराही न हसता सांगत, "ती तिच्या आईची. इथं ऱ्हायला आली, जायची इसरली."

मी तलाठी. कोणतं शेत कोणाचं, हे लिहून ठेवणं हाच माझा धंदा. दोन हजार चौदाच्या पावसाळ्यानंतर तलासरी तालुक्यात माझी नेमणूक झाली आणि झरीच्या पुढचा एक पाडा माझ्या सज्जात, म्हणजे माझ्या हद्दीत, आला. पाड्याचं नाव सांगत नाही. ज्यांच्याकडे मी राहिलो त्या बाबांचंही सांगणार नाही. पाड्यात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे 'खंडवाला' म्हणत.

बायको आणि मुलगी डहाणूला होत्या, मुलीची शाळा तिथं. मी आठवडाभर इकडे राहायचो, शनिवारी मोटरसायकलवरून घरी जायचो. बाबांच्या घरामागे सरकारी योजनेतून मिळालेली विटांची एक खोली होती. दोघं नवरा-बायको तिच्यात एक रात्र झोपली आणि सकाळी उठून परत कुडाच्या घरात गेली. म्हातारी म्हणाली, "भिंत श्वास घेत नाय." ती खोली मला मिळाली. भाडं काय म्हणून विचारलं तेव्हा बाबा बराच वेळ नारळाची शेंडी सोलत बसले. मग म्हणाले, "तू कागद वाचतोस ना? वर्षातनं एकदा इथला कागद वाचून दाखव. मोठ्यानं."

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. ते गंमत करत होते की नाही, हे मला कधीच ओळखता आलं नाही.

खंडाची गोष्ट त्यांनीच सांगितली. त्यांचे वडील दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ होते. मालक घोलवडकडचा, चिकूच्या वाड्यांचा धनी. भात झोडून झालं की त्याची बैलगाडी येई आणि खळ्यावरचं अर्धं भात खंड म्हणून भरून नेई. पुढे कुळकायदा आला, जमीन वडिलांच्या नावावर झाली. त्या वर्षी पहिल्यांदा सगळं भात घरात आलं. कणगी भरली. पाड्यानं ढोल वाजवले. "आणि बाप झोपंना," बाबा सांगत. "रात सारी कणगीपाशी बसायचा. म्हणायचा, खंड दिला नाय, हे भात पचंल कसं? मालक गेला ते बरं झालं. पण मालकाच्या आधी पण कोणतरी होता ना?"

मग वडिलांनी एक पाटी भात उचललं आणि बांधावरच्या वाघदेवाला नेऊन दिलं. वाघदेव म्हणजे गुडघ्याएवढा दगड, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ कोरलेला, अंगावर शेंदराचे थर. तेव्हापासून दर साल खळं झालं की पहिली पाटी वाघाला, दुसरी उंदरांच्या बिळांपाशी, तिसरी बांधावर पाखरांना. त्याशिवाय घरात दाणा शिजायचा नाही. वडील गेले, बाबांनी तेच चालू ठेवलं. पाड्यात सगळेच वाघाला मानत, नारळ-कोंबडं देत. पण मोजून-मापून खंड देणारा हा एकटाच. "आम्ही वाघाचं कूळ," ते म्हणत. "सालोसाल खंड देतो, म्हणून त्यानं अजून उठवलं नाय."

पहिल्या वर्षी खंडाच्या दिवशी मी सातबारा घेऊन बांधावर गेलो. पाड्यातली पाच-पंचवीस माणसं जमली होती. बाबांनी चप्पल बांधाबाहेर काढली होती. शेतात ते कधीच चप्पल घालून जात नसत. मी मोठ्यानं वाचायला लागलो. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, नाव. नाव वडिलांचंच होतं. बाबांनी वारस नोंद कधी केलीच नव्हती.

"बाप मरून तीस वर्सं झाली," ते लोकांना म्हणाले, "कागदात अजून जिता हाय. एवढं जगलं कोण?"

सगळे हसले. मग त्यांनी मला विचारलं, "यात मालक कुठं लिवलाय?"

मी कागदावर बोट फिरवलं. पंधरा वर्षं नोकरी झाली होती, हजारो सातबारे हातावेगळे केले होते. त्या कागदावर मालक असा शब्दच नव्हता. तिथं 'भोगवटादार' असं होतं.

"म्हंजे?"

"म्हणजे भोगणारा. वापरणारा."

बाबांनी वाकून दगडाच्या कानाशी, म्हणजे जिथं वाघाचा कान कोरला होता तिथं तोंड नेलं. "ऐकलंस? सरकारला पण ठाऊक हाय."

परत येताना मी त्यांना वारस नोंद करून घ्या म्हणून समजावलं. तुम्ही आणि तुमचा पुतण्या, दोघांची नावं लागतील. कागद एक, काम पंधरा दिवसांचं. ते म्हणाले, "आणि मी मेलो की परत खोडशील. कशाला? कागद झिजंल." मीही पुढे आग्रह धरला नाही. नोंद राहिली ती राहिलीच. मृताच्या नावावर जमीन चालू राहणं आमच्याकडे नवीन नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला आवडलं होतं. दिवसभर बांध कोरल्याच्या तक्रारी आणि भावाभावांची भांडणं ऐकून आल्यावर संध्याकाळी या माणसाच्या ओट्यावर बसलं की डोकं हलकं व्हायचं. माझ्या अंगाला लागलेली शाई तिथं धुतली जात असे, असं वाटायचं.

त्यांच्या तऱ्हा किती सांगू. परड्यात एक चिकूचं झाड होतं. तरुणपणी त्यांनी घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरवले होते. जाळी बांधलेल्या काठीनं फळाला धक्का न लावता ते चिकू असा काढत की देठाचा चीक हातावर येत नसे. पण या झाडाचे वरच्या फांद्यांचे चिकू ते कधी काढत नसत. "वरचे वटवाघळांचे, मधले आमचे, खाली पडले ते मुंग्यांचे." एकदा माझी मुलगी सुट्टीत आली होती. तिनं ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा उचलून खिशात घातला. बाबांनी तिला परत ओढ्यापाशी नेलं, विचारायला लावलं, आणि मग दोघं काठावर बसून राहिले. "काय म्हणाला ओढा?" मी नंतर विचारलं. मुलगी गंभीरपणे म्हणाली, "ने म्हणाला. पण आठवण ठेव म्हणाला." तो गोटा तिच्या टेबलावर अजून आहे.

आणि एक पांढऱ्या कपड्यातला माणूस आला होता. चारोटीकडे त्याचं हायवेवर हॉटेल होतं आणि त्याला इकडे काहीतरी उभं करायचं होतं. आदिवासीची जमीन त्याला घेता येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण भाडेपट्टा, करार, असल्या वाटा त्यानं शोधून ठेवल्या होत्या. बाबा म्हणाले, "इथं मी पाहुणा. घरधन्याला इचार." त्याला घेऊन ते बांधावर गेले, चप्पल काढायला लावली, दगडासमोर बसवलं. दुपार होती, ऊन कडक. दोन तास तो माणूस बसला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "बाबा, काही बोलत नाही हो."

"मंग झालं," बाबा म्हणाले. "बोलला नाय म्हंजे नाय म्हणाला."

त्यांची माया अशी दिसायची नाही, पण दिसायची. दुसऱ्या वर्षी मला तापानं घेरलं. तीन दिवस खोलीत पडून होतो. म्हातारी पेज करून आणायची, बाबा दाराशी नुसते बसून राहायचे. एकही प्रश्न नाही, एकही उपदेश नाही. पुढे कळलं, त्या साली त्यांनी वाघाला एक पाटी जास्त घातली होती. का विचारलं तर म्हणाले, "तू पण इथं ऱ्हातोस. तू पण कूळच. तुझा खंड कोण देणार?"

हे सगळं मी का लिहितोय, ते आता सांगायला हवं. इतकी वर्षं टाळलं.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात आमच्या भागातून एक मोठा मार्ग जाणार हे पक्कं झालं. नकाशावरची रेषा बरोबर बाबांच्या शेतावरून, ओढ्यावरून, घरावरून गेली होती. वरून हुकूम आला. दिवाळीनंतर भूसंपादनासाठी संयुक्त मोजणी लागेल, त्याआधी मृतांच्या नावावरची एकही नोंद शिल्लक राहता कामा नये. माझ्या सज्जात अशा नोंदी खूप होत्या. त्याच सुमारास मी डहाणूला बदली मागितली होती. मुलगी दहावीला जाणार होती, बायको एकटी सगळं बघत होती. वरचे साहेब म्हणाले, "बदलीचं मी बघतो. तुम्ही तुमच्या नोंदी संपवा." त्यांनी वावगं काही सांगितलं नव्हतं. वावगं जे झालं ते मी केलं.

बाबांच्या पुतण्याला मी ओळखत होतो. बाप लहानपणी गेला, तेव्हा बाबांनीच त्याला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तो चारोटीला हायवेवर पंक्चरचं दुकान चालवायचा, वागायला सरळ. तो अर्ज घेऊन आला. वारस म्हणून नोंद करा. मी म्हटलं, काकांचंही नाव लागेल, त्यांना घेऊन ये. तो म्हणाला, "काका येणार नाय, भाऊसाहेब. नाव लावतो म्हटलं की उठून जातो. दोन वेळा गेला. त्याचं नाव लागलं आणि त्यानं सही नाय केली, तर सगळंच अडकून पडंल. आणि तो तर पयल्यापासून म्हणतो, जमीन माझी नाय. तुमच्यासमोर पण म्हणतो. तुम्ही तेवढंच लिवा."

तेवढंच. हा शब्द मला सोयीचा वाटला.

लावणीचे दिवस होते. मी बाबांना ओट्यावर बोलावलं. ते शेतातून तसेच आले, कोपरापर्यंत चिखल. पुतण्या कोपऱ्यात उभा होता, दोन पंच होते. मी विचारलं, "बाबा, ही जमीन तुमची का?"

ते हसले. "तीन वर्सं ऱ्हायलास, अजून हेच इचारतोस? माझी नाय."

"यात तुमचा काही हक्क?"

"हक्क वाघाचा. मी कसतो."

मी लिहिलं, 'सदर जमिनीत माझा कोणताही हक्क अथवा हितसंबंध नाही.' वाघ लिहिला नाही. 'कसतो' लिहिलं नाही. हक्क सोडायचा तर नोंदणी केलेला दस्त लागतो, नुसत्या जबाबावर हक्क सुटत नाही, हे मला पाठ होतं. पण माणूसच जर हक्क नाही म्हणाला तर सोडायचं काय उरलं? ही पळवाट कोणी सुचवली नव्हती. लिहिता लिहिता माझी मलाच सापडली. मी जबाब वाचूनही दाखवला, भरभर. शेवटी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तेच आहे, बाबा. माझी नाही म्हणालात ना?"

"हो," ते म्हणाले, आणि अंगठा पुढे केला.

अंगठ्यावर चिखल होता. शाई लागेना. मी माझ्या बाटलीतलं पाणी ओतून त्यांचा अंगठा धुतला आणि माझ्या रुमालानं पुसला. ठसा अगदी स्वच्छ उमटला.

चावडीवर पंधरा दिवस नोटीस लागली. कोणाची हरकत आली नाही. येणार कुठून? त्या घरात वाचणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो. फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर एकट्या पुतण्याचं नाव आलं.

भात झोडून झालं आणि खंडाचा दिवस आला. बाबा सकाळीच खोलीपाशी येऊन म्हणाले, "चल, कागद घे." माझ्या बॅगेत नवा सातबारा होता. शेजारी गेल्या सालची जुनी प्रतही होती. मी बांधावर गेलो, माणसं जमली होती, वाघाच्या अंगावर ताजा शेंदूर होता. मी जुनी प्रत काढली आणि मोठ्यानं वाचली. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, आणि बाबांच्या वडिलांचं नाव. बाबांनी नेहमीचा विनोद केला, बाप अजून जिता हाय. माणसं हसली. पुतण्याही आला होता. तो हसला नाही. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली.

इतर पापांना मी कारणं देऊ शकतो. मुलीची दहावी, साहेबांचा हुकूम, पुतण्याचा अर्ज. त्या सकाळच्या वाचनाला कारण नाही. तिथं मला कोणीच काही करायला लावलं नव्हतं.

मोजणी दोन हजार अठराच्या थंडीत झाली. मोठा ताफा आला. मशीन, लाल-पांढऱ्या काठ्या, चुना. मोजणीच्या अधिकाऱ्यानं यादी बघून हाक मारली, "खातेदार कोण?" पुतण्यानं हात वर केला. अधिकाऱ्यानं बाबांकडे बघितलं. ते बांधावर अनवाणी उभे होते. "हे कोण?"

"काका," पुतण्या म्हणाला. "इथंच ऱ्हातात."

"घर?"

अधिकाऱ्यानं घरही खातेदाराच्या नावावर लिहिलं, कारण दुसऱ्या कोणाचं लिहायला कागदावर नावच नव्हतं. बाबा माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "भाऊसाहेब, कागदात बाप हाय ना? तू तर वाचलंस."

मी हातातली यादी चाळू लागलो. माझ्या नजरेसमोर एकही अक्षर नव्हतं.

दुपारी ताफा गेला. शेतात चुन्याच्या दोन रेघा राहिल्या. बाबा माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते उंबरठ्याच्या आत पहिल्यांदा आले असतील. खाटेवर न बसता खाली बसले.

"तू वाचलंस तवा बाप कागदात होता का?"

"नव्हता."

"म्हंजे वाघासमोर खोटं वाचलंस."

"हो, बाबा."

ते जमिनीवर बोटानं काहीतरी रेखत राहिले. मग म्हणाले, "मी 'माझी नाय' म्हटलं. 'मला नको' असं कधी म्हटलं?"

त्यांनी रेखलेलं तळव्यानं पुसलं.

"माझ्यामागं पुतण्याचीच होती ती. दुसरा हाय कोण? मी मरायची वाट बघायची फक्त. घाई कोणाला होती?"

मी म्हटलं, अपील करता येतं. मी अर्ज लिहून देतो. वरच्या साहेबांसमोर जायचं, सांगायचं की जमीन माझीही आहे, जबाब माझ्या म्हणण्याप्रमाणे घेतला नाही.

"माझी हाय, असं सांगायचं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "ते खोटं व्हईल. एकदा तू वाचलंस. आता मी पण बोलू?"

एक वाट होती, आणि ती मला दिसत होती. मीच वरती लिहून द्यायचं की जबाब चुकीचा घेतला गेला, हा माणूस वारस आहे, नोंद दुरुस्त व्हावी. त्यासाठी बाबांना 'माझी' म्हणायची गरज नव्हती. मला 'माझी चूक' म्हणायची गरज होती. चौकशी लागली असती, बदली गेली असती, कदाचित आणखीही काही. मी एका संध्याकाळी तसा कागद लिहिलासुद्धा. बॅगेत घातला. दोन आठवडे तो माझ्याबरोबर तलासरीला जाऊन परत आला. मग मी तो चुलीत घातला. म्हातारीच्याच चुलीत. ती भाकरी थापत होती.

मे महिन्यात माझी बदली झाली. बाबांनी पाड्यात कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, चार माणसांनी मला धरून विचारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. निघताना त्यांनी चिकूची पिशवी दिली, मधल्या फांद्यांचे. म्हातारी मात्र मोजणीच्या दिवसापासून मला 'भाऊसाहेब' म्हणत नव्हती. "तलाठी चाललाय," ती आतूनच म्हणाली.

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला घर पाडलं. पुतण्यानं दोघांना चारोटीला नेलं, दुकानामागच्या खोलीत. मोबदला मिळाला त्यातून त्यानं दुकान वाढवलं, काकांसाठी पंखा लावला, खाट घेतली. वाईट वागवलं असं कोणी म्हणणार नाही. एकदा डहाणूच्या बाजारात तो भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका झोपत नाय. गाड्यांच्या आवाजानं नाय. बसून ऱ्हातो. मला इचारतो, हितला वाघ कुठं हाय? हायवेवर वाघ कुठून आणू, भाऊसाहेब?" मग म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं ना, तो काय म्हणायचा ते? मला वाटलं, तुम्ही सांभाळून लिवाल."

त्यालाही वाटलं होतं की मी सांभाळून लिहीन. हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मी त्याच्या आड उभा होतो आणि तो माझ्या आड.

त्याच उन्हाळ्यात बाबा डहाणूला माझ्या ऑफिसात आले. चारोटीहून बसनं, एकटे. बाहेर रांग होती. ते रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर टेबलापाशी आले. खांदे उतरले होते. हातात फडक्याचं गाठोडं होतं.

"इथला कागद वाचून दाखव," ते म्हणाले. 'इथला' म्हणजे कुठला, ते मला कळलं. मी कॉम्प्युटरवर गट क्रमांक घातला. पुतण्याच्या नावाला कंस झाला होता, म्हणजे ते रद्द झालं होतं, आणि खाली रस्ता बांधणाऱ्यांचं नवं नाव आलं होतं. मी वाचलं. या वेळी जे होतं तेच वाचलं.

"मालक लिवलाय?"

"नाही, बाबा. भोगवटादारच आहे."

ते हसले. रांगेतली माणसं बघायला लागली. "मंग ते पण कूळच," ते म्हणाले. "खंड देतात का इचार त्यांना." मग त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं. आत भात होतं, टरफलासकट, पाटीभर नव्हतं, दोन ओंजळी असेल. "शेवटच्या सालचं. वाघाला कुठं नेला ते कोण सांगत नाय. मशीनवाल्याला इचारलं, तो म्हणतो दगड सगळे भरावात गेले. तुझ्याकडं सगळे कागद असतात. तुला ठाऊक असंल. पोचव."

"मला नाही ठाऊक, बाबा."

"मंग ठेव. सापडला की दे."

मी त्यांना चहाला थांबवलं. ते थांबले नाहीत. दाराशी जाऊन परत वळले आणि विचारलं, "पोरगी पास झाली?"

"झाली."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि गेले.

पावसाळ्यात ते वारले. पुतण्याचा फोन आला, मी गेलो नाही. जाऊन म्हातारीसमोर कसा उभा राहिलो असतो? गाठोडं माझ्या ऑफिसच्या कपाटात, जुन्या फेरफारांच्या गठ्ठ्यांवर होतं. कपाट उघडलं की आधी तेच दिसायचं.

वर्ष संपत आलं तेव्हा, भात झोडायचे दिवस असताना, मी एका रविवारी मोटरसायकल काढली आणि ते घेऊन तिकडे गेलो. पाडा ओळखू येत होता, शेत येत नव्हतं. तारेचं कुंपण होतं, सिमेंटचे खांब होते, आत लाल मातीचा उंच भराव. ओढ्याला पाइपातून वाट काढून दिली होती. चिकूचं झाड नव्हतं. मी बांध कुठं असेल याचा अंदाज घेत कुंपणाच्या कडेनं चालत राहिलो. पुढे एका जागी थांबलो. तिथंच असेल असं नाही. पण ओढ्याचा आवाज तेवढ्याच अंतरावरून येत होता. मी चप्पल काढली आणि फडक्याची गाठ सोडली.

आतून एक रखवालदार आला. तरुण होता, परमुलखातला. माझ्या अनवाणी पायांकडे आणि हातातल्या भाताकडे त्यानं बघितलं.

"काय करताय?"

"काही नाही. खंड द्यायचा होता."

त्याला शब्द कळला नाही. "तुमची जमीन होती का इथं?"

"नाही," मी म्हटलं. "माझी नाही."

"मग इथं थांबू नका," तो म्हणाला.